एका कोटाची ओळख मोडायची राहिली

कुणाच्या घरी कोट मागायला जायचं असेल तर सकाळी जाऊ नये. सकाळी घरातला पुरुष स्वतःच तो कोट शोधत असतो, आणि बटण तुटलेलं निघालं तर राग मागणाऱ्यावर काढतो. संध्याकाळीही जाऊ नये. दिवे लागल्यावर घरातली वस्तू उंबऱ्याबाहेर द्यायला बायका बिचकतात. जावं ते दुपारी दोनला. पुरुष जेवून आडवा झालेला असतो, बाई सूप घेऊन सोप्यात बसलेली असते. आपण शेजारी टेकावं, दोन मुठी शेंगा तिच्याबरोबर निवडाव्यात, पोराबाळांचं विचारावं, आणि मग हळूच म्हणावं, "वैनी, दादांचा तो काळा कोट आठ दिवस मिळंल का वो?" खुंटीवरचा कोट पुरुषाचा असतो, पण खुंटी बाईची असते.

हे मला कुणी शिकवलं नाही. वीस-बावीस वर्षं दारोदार हिंडून शिकले. मी निपाणीची. गाव मला कृष्णाक्का म्हणतं. नवरा वारल्यावर चार वर्षं तंबाखूच्या वखारीत तंबाखू चाळली. मग ती वखार मालकानं बंद केली आणि रिकामी पडलेली जागा गुंडू मास्तरांच्या नाटकमंडळीला वापरायला दिली. मी तिथं झाडलोट करायला म्हणून राहिले ती राहिलेच. लोक विचारतात, बाईमाणूस असून नाटकात कशी गेलीस? मी नाटकात गेले नाही बाबांनो, नाटकच माझ्या वखारीत आलं.

मंडळीला मास्तरांनी चांगलं भारदस्त नाव दिलं होतं, पण गाव म्हणायचं 'वखारवाले'. सात-आठ नट, एक पेटीवाला, आणि कपडेपटाला मी. कपडेपट म्हणजे नाटकवाल्यांचा कपड्यालत्त्याचा सगळा संसार. मोठ्या कंपन्यांचा कपडेपट पेटाऱ्यांतून येतो, जरी-मखमल सगळं. आमचा कपडेपट गावाच्या खुंट्यांवर असायचा. पगडी एका घरची, छडी दुसऱ्या घरची, खुर्ची वकिलाच्या माडीवरची. प्रेक्षक आपापलं पोतं घेऊन यायचे, बसायला. ज्याची वस्तू खेळात असेल त्याचं पोतं पहिल्या ओळीत, हा आमचा मान. गावानं आम्हाला असं पोसलं. पुढं लढाईत कापडावर कंट्रोल आला, तेव्हा तर खुंट्यांवाचून आमचं पानही हललं नसतं.

वखारीच्या भिंतींत तंबाखू मुरलेली. पहिल्या अंकात प्रेक्षक शिंकायचे, दुसऱ्या अंकात नट. करुण प्रसंग आम्ही कधी ठेवलेच नाहीत, शिंकेपुढं कुठली करुणा टिकते? म्हणून फार्स. आणि मास्तरांना राज्यकर्त्यांची, त्यांच्या पुढंपुढं करणाऱ्यांची टिंगल केल्याशिवाय अन्न गोड लागायचं नाही. रॉकेल मिळेना झाल्यापासून खेळ बाजारच्या दिवशी दुपारी चारला. आमचा मुख्य नट शिवाप्पा, त्याचा भाऊ छपरावर चढून तीन कौलं सरकवायचा. उन्हाचा पट्टा बरोबर मधल्या खुर्चीवर. ढग आला तर शिवाप्पा थांबायचा आणि वर बघून म्हणायचा, "देवा, तुझंही झालं का चहापाणी?" लोकांना वाटायचं ते नाटकातच आहे.

लिहायला-वाचायला मी इथंच शिकले. प्रत्येक नटाच्या वाक्यांची वेगळी वही करतात, तिला नक्कल म्हणतात. तालमीला त्या नक्कला धरून बसता बसता अक्षरं ओळखू यायला लागली. अजूनही पत्र लिहिताना हात मध्येच कंसात 'जातो' लिहितो.

आता कपडेपटाची खरी विद्या सांगते, कारण माझी चूक समजायची तर ती समजली पाहिजे.

सुरुवातीला मी कपडे जसे आणायची तसे चढवायची. एका खेळात आमचा एक नट राणी झाला होता. अंगावर एका अडत्याच्या बायकोचं गर्भरेशमी लुगडं. राणीसाहेब रागानं फेऱ्या मारतायत, पदर धुळीत लोळतोय. पहिल्या ओळीतून ती अडत्यीण उभी राहिली.

"ए बाबा, पदर उचल की! माझ्या लेकीच्या लग्नातलं हाय ते!"

राणी काही कमी नव्हती. हात पसरून म्हणाली, "दासी, पदर उचला!"

दासी तर लिहिलेलीच नव्हती. अडत्यीणबाई तरातरा वर चढल्या, पदर उचलून राणीच्या कमरेला खोचला, पाठीत एक धपाटा घातला आणि खाली येऊन बसल्या. टाळ्या थांबेनात. पण मास्तर मला म्हणाले, "आक्का, लोकांनी राणी बघितली का लुगडं बघितलं?"

तेव्हापासून मी ओळख मोडायला लागले. म्हणजे असं, की मागून आणलेली वस्तू मालकालासुद्धा झटकन ओळखू येता कामा नये. लुगड्याच्या काठावर दुसरी पट्टी टाचायची. कोट असेल तर बटणं उतरवून दुसरी लावायची, कॉलर आत दुमडायची, वरून उपरणं सोडायचं. खेळ संपला की सगळं उसवून जसंच्या तसं करायचं, लोकरी असेल तर रिठ्याच्या पाण्यातून काढायचं, इस्त्री फिरवायची, आणि खिशात किंवा घडीत एक सुपारी घालून परत करायचं. रिकामा कपडा परत द्यायचा नाही. निपाणीत आमची सुपारी नाही असा कोट शोधून सापडला नसता.

ह्याच्या बरोबर उलटीही एक विद्या होती, आणि ती माझी स्वतःची.

नाटकाची वही आधी साहेबांकडं मंजुरीला जायची. परत यायची ती लाल पेन्सिलीच्या रेघा घेऊन. जिथं म्हणून हसू यायचं तिथं रेघ. मास्तर डोकं धरून बसायचे. एकदा चिकोडीच्या वाटेवर मोजणीच्या साहेबाचा तंबू पडला होता, तिथल्या खानसाम्याकडून मी साहेबाची एक जुनी टोपी मागून आणली होती. मी म्हटलं, "मास्तर, टोपीला वाक्य लागतंय कशाला?" आम्ही खुर्चीवर एक तांबडा भोपळा ठेवला, भोपळ्यावर टोपी. बस. एकेक पात्र येतं, चपला काढतं, भोपळ्याला मुजरा करतं, अर्ज ठेवतं, जातं. एकानं हार घातला. कुणी अक्षर बोललं नाही. माणसं हसून हसून पोत्यावरून घसरली.

मंजूर वही घेऊन बसलेला पोलीस कारकून पानं उलटतोय, उलटतोय. शेवटी आत आला. "मास्तर, हे वहीत कुठं हाय?"

"काय कुठं हाय?"

"ह्यो भोपळा."

"तो बोलला का काही?"

"न्हाय…"

"मग? बोलणार असता तर त्याचीबी परवानगी काढली असती."

कारकूनही मान खाली घालून हसला. शब्दावर रेघ मारता येते, टोपीवर कशी मारणार? त्या टोपीची ओळख मोडून चाललं नसतं, ती साहेबाची म्हणूनच ओळखू यायला हवी होती. तेव्हा ओळख ठेवायची का मोडायची, हे कपडेपटवाल्यानं ठरवायचं. त्या दिवसापासून गावाला चटक लागली. बाजारात म्हणायचे, "वखारवाल्यांचं बोलणं नगा ऐकू, कापडं बघा."

मला केवढा अभिमान वाटायचा त्या वाक्याचा!

बेचाळीसची चळवळ थंडावली होती, त्या हिवाळ्यातली गोष्ट. कितीतरी घरची माणसं हिंडलग्याच्या तुरुंगात होती. गावात जो तो दुसऱ्याकडं बघायचा, हा कुणाच्या बाजूचा? मास्तरांनी दोन टोप्यांच्या रावसाहेबाचा फार्स लिहिला. रावसाहेब खुर्चीत बसलाय. आतून ओरड येते, "साहेब आले!" की हा उजव्या खिशातून जरीची टोपी काढून घालतो. "प्रभातफेरी आली!" की डाव्या खिशातून पांढरी टोपी. ओरडी जवळजवळ यायला लागतात, ह्याची तारांबळ, आणि शेवटी दोन्ही टोप्या एकावर एक डोक्यावर. एवढंच. मास्तर तालमीत म्हणायचे, "आक्का, ह्यातला निम्मा रावसाहेब मीच आहे. माफीच्या कागदावर सही करून तुरुंगातून सुटून आलोय मी." ते खरं होतं. वहीत कुणा एकाचं नाव नव्हतं, मनातही नव्हतं. म्हणून वही एकाही रेघेशिवाय परत आली.

आता दोन मोठ्या खिशांचा, भारदस्त कोट हवा. असा कोट गावात एकच. भरमाप्पांचा.

भरमाप्पा म्हणजे जैन शेतकरी, भुईमुगाचा थोडा व्यापार, बोलायला कानडी-मराठी दोन्ही गोड. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा. आमच्यासाठी पहिलं दार त्यांचंच. त्यांनी दिलं की मग बाकीच्या खुंट्या मोकळ्या व्हायच्या. पण खेळ त्यांनी एकही पाहिला नव्हता. दमा होता, वखारीच्या उंबऱ्याशीच खोकला सुरू व्हायचा. देशभक्त होते का? तसं मी म्हणणार नाही. साहेबाचा तंबू दरसाल त्यांच्या आमराईत पडायचा आणि ते ताक पाठवायचे. प्रभातफेरी दारावरून गेली की तिलाही ताक पाठवायचे. दारात आलेल्याला ताक, एवढंच त्यांचं राजकारण.

कोट तपकिरीच्या रंगाचा, जाड लोकरीचा. काळी पाच बटणं आणि वरून दुसरं तेवढं पितळी. कोट खुंटीवरून काढताना आप्पांनी त्या बटणावर बोट ठेवलं.

"आक्का, कोट खुशाल ने. पर ह्या बटणाला हात लावू नगं. पद्माच्या सासूनं लावलंय त्ये. जायच्या आदल्या आठवड्यात. डोळ्यांनी दिसत नव्हतं तिला, हाताला घावलं त्ये लावलं."

पद्मा त्यांची सून. म्हणजे बायकोचं बोलत होते, तिचं नाव न घेता.

"न्हाय लावत, आप्पा," मी म्हटलं. शब्द दिला.

आणि तो पाळला, हीच माझी चूक. बटण उतरवायचं नव्हतं, कबूल. पण वरून उपरणं सोडलं असतं तर झाकलं नसतं का? बाकीची पाच बदलली असती, कॉलर दुमडली असती. काहीच केलं नाही. शिवाप्पानं कोट चढवला आणि आरशात बघून तो जो रावसाहेबासारखा ताठ झाला, ते बघून मला मोह पडला. मनात म्हटलं, ह्याला काही करायला नको, असाच शोभतोय.

पहिला खेळ. शिवाप्पा उन्हाच्या पट्ट्यात आला आणि पहिलं वाक्य बोलायच्या आधीच हशा उठला. पितळी बटण उन्हात लखलखत होतं. मी विंगेत उभी. बायकांच्या बाजूला पुढंच बसलेली एक जण दुसरीला कोपरानं ढोसत म्हणाली, "अगं बया, ह्यो तर आप्पांचा कोट!"

"व्हय गं! म्हंजे आप्पावरच हाय म्हण की!"

"मग? त्याशिवाय का साहेबाला ताक जातंय?"

मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. ही गोष्ट मी चार वर्षं कुणाला सांगितली नव्हती. त्याच क्षणी माझ्या हातात दुसऱ्या पात्राचं उपरणं होतं. शिवाप्पा मधे एकदा विंगेत येतो, तेव्हा त्याच्या गळ्यात ते टाकता आलं असतं. तो आला. घामानं डबडबलेला, डोळे चमकतायत.

"मंदी एष्टु नगतार, आक्का!" म्हणाला. माणसं किती हसतायत! आनंदात तो नेहमी कानडीवर यायचा.

पलीकडं मास्तर पडद्याला धरून उभे होते. सहा महिने आमचे खेळ पडत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी उपरणं हातातच ठेवलं.

चार बाजार खेळ चालला. चारही वेळा वखार भरून माणसं, पार बेळगावजवळच्या कडोलीपासून माणसं आली. प्रत्येक वेळी मी ठरवायची, आज झाकते. प्रत्येक वेळी नाही झाकलं. गावाला मीच शिकवलं होतं ना, बोलणं ऐकू नका, कपडे बघा. गाव कपडे बघत होतं.

आप्पांना काहीच ठाऊक नव्हतं. थंडीत घोंगडी पांघरून बाजारात जायचे आणि कोट विचारला की कौतुकानं सांगायचे, "आमचा कोट नाटकात गेलाय." पेढीवरची माणसं एकमेकांना डोळे घालायची.

"आप्पा, आज कुठला खिसा? डावा का उजवा?"

"घोंगडीला कुठला आलाय खिसा?" म्हणून आप्पाही हसायचे. त्यांच्या हसण्यावर तर माणसं आणखी हसायची. शेवटी पिठाच्या गिरणीत पद्मासमोरच बायका बोलल्या आणि तिनं रडत रडत घरी सांगितलं.

पाचव्या बाजारी मी कोट घेऊन गेले. रिठ्यातून काढलेला, इस्त्री केलेला, डाव्या खिशात सुपारी. दुपारी दोनलाच गेले. आप्पा झोपलेले नव्हते. खुंटीसमोरच्या घडवंचीवर बसले होते.

"आप्पा, कोट आणलाय."

"कुणाचा?"

मी घडी पुढं केली.

"गावाला इचार कुणाचा हाय. मी तर कवा दोन टोप्या घातल्या न्हाईत गं. एक पटका, त्योबी जुना." आवाज चढलेला नव्हता. मग म्हणाले, "त्ये बटण तरी झाकायचं हुतंस."

"तुमी म्हणालासा हात लावू नगं—"

"हात लावू नगं म्हणालतो. झाकू नगं म्हणालो न्हवतो."

त्यांनी कोट घेतला नाही. पद्मानं आतून दार लोटून घेतलं. मी तो घडी केलेला कोट तसाच उराशी धरून भर बाजारातून परत आले, आणि वाटेत कुणी विचारलं नाही की आक्का, रडतीस का.

मला तेव्हाही सांगता आलं असतं. पुढच्या खेळाआधी पडद्यापुढं येऊन दोन वाक्यं: हा रावसाहेब आप्पा नव्हेत, कोट मी मागून आणला, चूक माझी. मास्तरांना मी म्हटलंही. ते म्हणाले, "आक्का, आपण खुलासा केला की लोक म्हणतील खरंच होतं." शहाण्या माणसाचं बोलणं म्हणून ऐकलं. खरं तर मला ऐकायचंच होतं.

त्यानंतरची आमची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण दारं सगळीकडं एकाच तऱ्हेनं बंद झाली. कुणी नाही म्हटलं नाही. निपाणीचा माणूस तोंडावर नाही म्हणत नाही.

"कोट व्हय? धुवाय टाकलाय गं, आक्का."

"पगडी? कसर लागली बघ तिला."

"खुर्चीचा पाय हालतोय, तुमचाच माणूस पडायचा."

ज्या वैनींबरोबर मी वर्षानुवर्षं शेंगा निवडल्या, त्या मला बघितलं की सूप उचलून आत जायला लागल्या. वेडी नव्हेत त्या. आपल्या माणसाचा कोट उद्या कुणाच्या अंगावर चढेल आणि गाव काय म्हणेल, ह्याची प्रत्येकीला धास्ती. जिनं लुगड्याचा पदर खोचला होता ती अडत्यीण तेवढी सरळ बोलली. "आक्का, आधी तुमी आमच्या कापडात दुसऱ्याला दावत हुतासा. आता आमालाच दावायलासा. नगं बाई."

आम्ही कागदाचे कोट केले, पोत्याच्या पगड्या केल्या. पण गरिबाच्या कपड्यात गरिबाचीच टिंगल होते. मोठ्याची करायची तर मोठ्याचाच कोट लागतो, आणि तो विश्वासानं दिलेला लागतो, हे मला तेव्हा कळलं. नट पांगले. दोघं कोल्हापूरला गेले. वखारीत आम्ही चौघंच उरलो, मास्तर, शिवाप्पा, पेटीवाला आणि मी.

गेल्या ऑगस्टात झेंडा लागला. गावात आनंदीआनंद. चार पुढारी मास्तरांकडं आले, म्हणाले, त्या दोन टोप्यांच्या रावसाहेबाचा खेळ लावा, आता तर लाल रेघही नाही. मास्तर हरखले. धावत माझ्याकडं आले.

"आक्का, तो कोट आहे ना तुझ्याकडं?"

कोट माझ्या ट्रंकेत होता. कडुलिंबाच्या पाल्यात घातलेला, दर दसऱ्याला उन्हं दाखवलेला, धागा हललेला नाही. मी म्हटलं, "कसरीनं खाल्ला, मास्तर."

गावानं मला जे सांगितलं होतं तेच मी मास्तरांना सांगितलं. खरं कारण तेव्हाही माझ्या तोंडातून निघालं नाही.

मास्तरांनी आपलाच जुना काळा कोट काढला. मी त्याचं उसवलेलं शिवलं. त्या दुपारी वखार माणसांनी फुलली होती, बाहेरही माणसं. शिवाप्पाच्या भावानं, आता गुडघे दुखतात त्याचे, तरी वर चढून कौलं सरकवली. मी विंगेतून बघत होते. मागच्या दाराशी, ओला पंचा नाकातोंडावर धरून, काठी टेकत आप्पा आत येत होते. पद्मा मागं होती, "मामा, नगा वो, धाप लागंल," म्हणत. माणसांनी वळून बघितलं. कुजबूज झाली, विझली. आप्पा मागच्या भिंतीला टेकून बसले.

शिवाप्पा उन्हात आला. काळ्या कोटात. हशा नाही. "साहेब आले!" टोपी. कुणीतरी शिंकलं. "प्रभातफेरी आली!" दुसरी टोपी. माणसं नुसती बघतायत. शिवाप्पा तोच, वाक्यं तीच, तारांबळ तीच, वयानं जरा मंदावलेला एवढंच. वखार ढिम्म. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. चार बाजार जो खेळ गाजला, ज्याच्यावर ते इतकी वर्षं जगले, त्याला कुणी हसलंच नव्हतं. हसले होते ते एका बटणाला.

आणि मग एक माणूस हसला. मागून. शिवाप्पानं दोन्ही टोप्या एकावर एक घातल्या आणि सलाम कुठल्या हातानं करू म्हणून गोल फिरला, तेव्हा आप्पा पंच्याआडून फस्सकन हसले. खोकला आला, तरी हसत राहिले. खोकत, डोळे पुसत, पद्माच्या खांद्यावर हात आपटत. सगळी वखार मान वळवून त्यांच्याकडं बघत होती, आणि ते एकटे नाटक बघत होते.

खेळ संपल्यावर मी बाहेर गेले. आप्पा लिंबाखाली दगडावर बसून श्वास गोळा करत होते. मी समोर खाली बसले. धाप जरा बसल्यावर बोलले.

"बरं लिवलंय की मास्तरनं."

"व्हय, आप्पा."

"त्यो टोप्या बदलाय लागला तवा मला आमचा बेळगावचा मेव्हणा आठवला बघ. अक्षी तसाच." पुन्हा थोडं हसले. मग पंचा घडी करत म्हणाले, "पर आक्का, ह्यात मी कुठं हाय गं?"

"न्हाईसा, आप्पा. कवाच नव्हतासा."

त्यांनी मान हलवली. पंच्याची घडी पुरी केली, पुन्हा उलगडली.

"मग एवढं चार वर्सामागं गावाला सांगाय कुणी न्हवतं?"

रागानं नाही हो विचारलं. गाडी कधी सुटली असं ठेसनावर कुणी विचारावं, तसं.

"मी हुते, आप्पा," मी म्हटलं.

"व्हय," म्हणाले. काठी घेऊन उठले आणि पद्माचा हात धरून गेले. त्या दिवसापासून वखारीला कुलूप आहे. मास्तरांनी किल्ली मालकाला परत दिली.

चार वर्षांमागं पडद्यापुढं येऊन जे बोलायचं होतं, ते आता कागदावर बोलते आहे. तो रावसाहेब आप्पा नव्हते. कोट मी मागून आणला होता. बटण झाकायचं काम माझं होतं, आणि लोक हसत होते म्हणून मी ते झाकलं नाही. गावात जे हा दिवाळी अंक वाचतील त्यांनी न वाचणाऱ्यांना सांगावं. गिरणीत सांगावं, पेढीवर सांगावं.

कोट ट्रंकेतून काढून ठेवलाय. डाव्या खिशातली सुपारी चार वर्षांत किडली, काल नवी घातली. दिवाळी झाली की घेऊन जाईन. मागायला दुपारी दोनला जावं, हे मी कुणालाही शिकवीन. चार वर्षं उशिरा परत द्यायला कुठल्या वेळी जावं, ते मला ठाऊक नाही. दोनलाच जाईन म्हणते. पद्मा सोप्यात असली, तर तिच्याबरोबर आधी शेंगा निवडीन.